रोझिनच्या व्हिडिओवर सातबारा ओवाळून टाकू नका



सध्या पोरांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय. गांजाची सुकलेली फुलं बारीक जाळीच्या पिशवीत भरायची आणि टी-शर्टवर चित्र छापायला असते तसल्या हीट प्रेसच्या दोन तापलेल्या पाट्यांमध्ये दाबायची. मिनिटभरात मधासारखी पिवळी राळ बाहेर येते. तिला रोझिन म्हणतात. केमिकल नाही, घरच्या घरी होतं आणि ग्रॅमवर डॉलरचा भाव, असं सांगतात. मग आपल्याच भागातली पोरं विचारतात, "काका, मशीन कितीला बसंल?"

मी स्पष्ट सांगतो. मशीन कितीलाही बसो, त्याचं खरं बिल सातबाऱ्यावर फाटणार आहे. हे ज्याला पटत नाही त्याने पुढचं शांतपणे वाचावं.

व्हिडिओतलं काम खोटं नाही. अमेरिकेत आधी लोक ब्युटेन गॅस वापरून ही राळ काढायचे. त्यात स्फोट झाले, माणसं भाजली. मग २०१५ च्या आसपास केस सरळ करायच्या इस्त्रीत फुलं दाबून राळ काढायची टूम निघाली आणि पुढे त्याचीच मोठी प्रेस मशीनं झाली. पण हे कुठे चाललंय ते बघा. कोलोरॅडोत जानेवारी २०१४ पासून दुकानात गांजा विकायला परवानगी आहे. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून देशभर आहे. तो व्हिडिओ तिथल्या माणसाने तिथल्या माणसासाठी केलाय. आपल्याकडे तो फॉरवर्ड करणारा फक्त व्हिडिओ पाठवतो, कायदा पाठवत नाही.

आता आपला कायदा. १९८५ चा एनडीपीएस. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. झाडापासून वेगळी काढलेली राळ, मग ती कच्ची असो की शुद्ध केलेली, तिला कायदा चरस म्हणतो. हाताने चोळून काढा नाहीतर लाखाच्या मशीनमध्ये दाबून काढा, नाव एकच. रोझिन हा इंग्रजी शब्द कोर्टात कामाला येत नाही.

शेतकऱ्याला हिशोब कळतो म्हणून हिशोबच मांडतो. गांजा १ किलोपर्यंत असला तर कायद्यात ती अल्प मात्रा. शिक्षा एक वर्षापर्यंत, किंवा दहा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चरसाची अल्प मात्रा फक्त १०० ग्रॅम. चांगल्या फुलांतून साधारण पंधरा-वीस टक्के राळ निघते. म्हणजे १ किलो फुलं दाबली की दीड-दोनशे ग्रॅम चरस हातात आला. एक वर्षाचं प्रकरण तिथल्या तिथे दहा वर्षांपर्यंत गेलं. पुढचं ऐका. गांजा २० किलोच्या वर गेला तर व्यावसायिक मात्रा, चरस १ किलोच्या वर. सात किलो फुलं दाबली की किलोभर राळ सहज ओलांडते. मग शिक्षा कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, दंड कमीत कमी एक लाख, आणि जामीन मिळणं महाकठीण. मालाचं वजन घटलं आणि गुन्ह्याचं वजन वाढलं, असला धंदा दुसरा कुठला दाखवा.

आणि ही सगळी पुढची गोष्ट झाली. नुसतं झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. तुरीत, उसात, हळदीत मध्येच चार झाडं लावली तर कोणाला कळतंय, असं म्हणणाऱ्यांना सांगतो, तसल्याच शेतांच्या बातम्या पेपरात येतात.

ज्यांनी जमीन खंडाने किंवा बटाईने दिलीय त्यांनी हे नीट वाचा. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत कोणी बेकायदा लागवड केली आणि ते आपल्याला माहीत असेल, तर ताबडतोब कळवायची जबाबदारी जमीनधारकाची आहे. जाणूनबुजून गप्प बसला तर तोही शिक्षेला पात्र. कलम ४७ ने हीच जबाबदारी सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवर टाकलीय. म्हणजे पोराने केलं आणि बापाला ठाऊक होतं, तर बापही सुटत नाही. शेड वापरायला दिली, त्यालाही कलम आहे. मशीन आणि गाडी जप्त होते ती वेगळीच.

काही जण म्हणतील, "कायदा चुकीचा आहे, तो बदला." बदलायला सांगा की, माझी ना नाही. इंग्रजांच्या काळात आपल्या शेजारच्या खंडव्याकडे परवान्यावर गांजा पिकायचा आणि सरकारी कोठारात जमा व्हायचा. बंगालात नौगावलाही तसंच. १८९३-९४ ला इंग्रज सरकारने त्यावर मोठा आयोगही बसवला होता. पीक आपल्या मातीला नवं नाही. पण कायदा बदलेपर्यंत जेलमध्ये बसणार कोण? व्हिडिओवाला बसणार नाही, मशीन विकणारा तर नाहीच नाही.

बरं, समजा उद्या सगळं खुलं झालं. भाव टिकेल का? अमेरिकेने २०१८ च्या फार्म बिलात कमी नशेचा हेम्प सगळ्या देशाला खुला केला. शेतकऱ्यांनी सोन्याचं पीक म्हणून धडाधड लावला. पुढच्या एक-दोन वर्षांतच माल पडून राहिला, भाव कोसळले आणि प्रक्रियावाले पैसे न देता गायब झाले. ज्याने कांदा लावलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. शिवाय नशेचा अंश, म्हणजे टीएचसी, ०.३ टक्क्यांच्या वर गेला तर तिथे उभं पीक मोडावं लागतं.

मग मागायचं काय? २०२१ ला सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकर गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. इतर पिकांना भाव नाही हे त्याचं दुखणं शंभर टक्के खरं. पण गांजाचा अर्ज म्हटला की पेपरात दोन दिवस हसू होतं आणि फाईल बंद. त्यापेक्षा कायद्यातच जे दार आहे ते ठोठवा. कलम १४ मध्ये धागा आणि बियांसाठी, औद्योगिक कामाला, लागवडीची परवानगी देण्याची सोय आहे. उत्तराखंडने २०१८ ला परवाने द्यायला सुरुवात केली. हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ ला पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांना प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. नोव्हेंबर २०२१ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलंय. मग महाराष्ट्राने काय घोडं मारलंय?

कृषी विद्यापीठातल्या साहेबांना हात जोडून विचारतो. मराठवाड्याच्या उन्हात कोणतं वाण ०.३ च्या खाली राहतं? पाणी किती लागतं? एकरी धागा किती, बी किती? याची चाचणी परवाना घेऊन तुमच्या प्रक्षेत्रावर व्हायला पाहिजे. उत्तर "परवडत नाही" आलं तरी चालेल, आम्हाला आकडा द्या. तुम्ही गप्प राहता म्हणून पोरं व्हिडिओला गुरू मानतात.

आणि पोरांनो, दाबूनच पैसा काढायचा असेल तर आज कायद्याने दाबता येईल असं पुष्कळ आहे. करडई, जवस, कारळं, भुईमूग. गावात घाणा टाका, तेल गाळा, पेंड जनावराला घाला, अन्नपरवाना काढून स्वतःच्या नावाने बाटली विका. उद्या हेम्पच्या बियांना परवाना मिळाला तर त्यातही तीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं, म्हणजे तोच घाणा तेव्हाही चालेल. कमाई हळू होईल, पण रात्री दारावर थाप पडली तर छातीत धस्स होणार नाही.

तुमच्या ग्रामसभेत कलम १४ चा ठराव मांडा आणि कृषिमंत्र्यांना पाठवा. मसुदा पाहिजे असेल तर मला सांगा, लिहून देतो. आणि ते व्हिडिओ पुढे ढकलणं आजपासून बंद करा.