हस्तिदंती की मोरपंखी?

घरात रंगकाम निघाले की शेड कार्डाभोवती सारे कुटुंब जमते आणि बहुधा दोन टोकांच्या छटांवर अडते. तरुणांना गडद मोरपंखी निळा हवा असतो, वडीलधाऱ्यांना फिकट हस्तिदंती. खोली आजीची असेल, तर प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

हस्तिदंती भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ७० ते ८० टक्के खोलीत परत करते. गडद निळी बहुधा १० टक्केही देत नाही. पेढीच्या भाषेत, पहिलीकडची उधारी वसूल होते, दुसरीकडची बुडते. त्यातच वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते, डोळ्यात प्रकाश कमी पोहोचतो आणि निळ्या छटांतील बारीक भेद कळेनासे होतात. नातवाला भारदस्त वाटणारी भिंत आजीला नुसती काळपट दिसू शकते.

कार्डावरच्या चौकोनावर मात्र विसंबू नये. निळ्या साडीशेजारी ठेवलेली पिवळी अधिकच पिवळी भासते, हे कापडाच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. पॅरिसच्या गोबेलाँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेल्या शेव्हरल यांनी याच परिणामावर १८३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात देऊन ते वेगवेगळे, त्याच खोलीत, सकाळी आणि दिवे लागल्यावर पाहावेत. २७०० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यात हस्तिदंती अधिक पिवळा होतो, निळा मंदावतो. ६५०० च्या पांढऱ्या दिव्यात चित्र पालटते.

खर्चाची बाजूही आहे. गडद छटांच्या बेसमध्ये पांढरे रंगद्रव्य कमी असल्याने कधी तिसरा हात द्यावा लागतो. पुढे निळ्यावरून हस्तिदंतीकडे परतायचे झाल्यास प्रायमर आला. तो खर्च आजच्या अंदाजात कोणी धरत नाही.

म्हणून अशा खोलीच्या भिंती हस्तिदंतीच असाव्यात, विशेषतः खिडकीसमोरची. पण मोरपंखी अगदी बाद करू नये. फिकट भिंतीवर पांढरे स्विचबोर्ड हरवून जाते आणि रात्री उठलेला वृद्ध हात भिंत चाचपत राहतो. स्विचबोर्डाभोवती चार बोटांची निळी पट्टी आणि दाराची चौकट त्याच निळ्या रंगात, एवढे केले तरी दोन्ही ठिकाणे पलंगावरून ओळखू येतात. त्यासाठी रंगाचा लहानसा डबा पुरतो.