वणवा विझवणाऱ्यांची तब्येत

फेब्रुवारी सरता सरता सातपुड्यातल्या सागाची पाने गळतात, गवत वाळते आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. तोरणमाळ परिसरात हाच काळ मोह वेचण्याचा. पहाटे मोहफुले, मग पाणी, गुरे, मिळेल ती मजुरी. अशा दिवसाच्या मध्यावर डोंगरात धूर दिसला की गावातली माणसे हातातले काम टाकून उतार चढू लागतात. तिथे अग्निशमन दलाचा बंब पोहोचू शकत नाही. वनरक्षक, फायर वॉचर आणि ओल्या फांद्यांनी आग झोडपणारे गावकरी, एवढेच काय ते दल. त्यांना स्वयंसेवक म्हणायचे, पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्यांवर आग विझवायला मदत करण्याचे बंधन आहे. कायदा असे बंधन घालतो. मदतीला येणाऱ्याची तब्येत कशी आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

वनरक्षक भरतीत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावे लागते. अमेरिकेत वणव्याच्या थेट कामासाठी सुमारे २० किलो ओझे घेऊन ४५ मिनिटांत ४.८ किलोमीटर चालण्याची चाचणी आहे. तशीच चाचणी गावकऱ्यांना लावावी असे कोणी सुचवेल. पण रोज डोक्यावर मोळी घेऊन डोंगर चढणाऱ्याला त्यात नापास करणे अवघड आहे. त्याच्या पायांत बळ आहेच. धोका रक्तात, हृदयात आणि उष्णतेत आहे, आणि तो चालण्याच्या चाचणीत दिसत नाही.

श्रम करताना स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेचा मोठा भाग, साधारण तीन चतुर्थांश, उष्णता होऊन बाहेर पडतो. वर ऊन आणि समोर जाळ असला की ही उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय मार्ग उरत नाही आणि तासाला लिटरभर पाणी सहज जाते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. तोंडावरचा ओला रुमाल राख अडवतो, हा वायू नाही. ज्याच्या रक्तात हिमोग्लोबिन आधीच कमी, त्याला तो लवकर गाठतो. रक्तदाबाचेही तसेच. अमेरिकी अग्निशामकांवरील २००७ च्या अभ्यासात, हृदयविकाराने कामावर झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के प्रत्यक्ष आग विझवताना झाले होते. त्या कामात त्यांचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जात असे.

नंदुरबारमध्ये आणखी एक गोष्ट आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. वाहकाला एरवी काही जाणवत नाही, पण कडक ऊन, पाण्याची कमतरता आणि अति श्रम एकत्र आले की त्याच्याही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. १९८७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणातील कृष्णवर्णीय जवानांच्या पाहणीत वाहकांमध्ये अकस्मात मृत्यूचे प्रमाण सुमारे २८ पट आढळले. पुढे पाणी, विश्रांती आणि उष्णतेचे नियम कडक झाले. २०१६ च्या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर इतरांइतकाच निघाला. स्नायू झिजण्याचा धोका मात्र जास्तच होता. वाहकाला घरी बसवण्याची गरज नाही, सगळ्यांनाच नियमाने पाणी आणि विसावा द्यावा, हा त्यातला धडा.

मग अपेक्षा ठेवायची तर कशाची? जानेवारीत, ग्रामसभेच्याच दिवशी, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि सिकलसेलची तपासणी व्हावी. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तिला हे काम नवे नाही. ज्याला सिकलसेलचा आजार आहे, छातीत दुखते किंवा नुकताच ताप येऊन गेला आहे, त्याने जाळाजवळ जाऊ नये. त्याला टेहळणी किंवा निरोप पोहोचवण्याचे काम द्यावे आणि त्याची मजुरी कापू नये, नाहीतर दुखणे लपवले जाईल. तपासणीचा निकाल चावडीवर वाचला जाऊ नये. जाळाशी जाणाऱ्यांनी जोडीने जावे, अर्ध्या तासाने मागे येऊन पाणी प्यावे. उपाशीपोटी कोणी चढू नये. स्नायूंत अचानक कळ आली, चक्कर आली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर त्या माणसाला लगेच सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे आणि दवाखाना गाठावा. यासाठी कोणाला व्यायामाचा वेगळा वेळ काढावा लागत नाही.

तब्येत चांगली असली म्हणजे सगळे साधते असेही नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी मजुरांचा जीव गेला. ज्वाळांनी घेरले की धडधाकट माणूसही वाचत नाही. म्हणून वेळेवर काढलेल्या जाळरेषा, ब्लोअर, जाड कपडे, बूट आणि विमा ही शासनाची बाजू आहे, आणि ती गावकऱ्यांच्या तंदुरुस्तीवर ढकलता येणार नाही. जंगल सर्वांचे आहे, पण ते वाचवायला जाणारा जीव एका घराचा असतो. त्याला डोंगर चढायला सांगण्याआधी त्याचे रक्त तपासणे, एवढे तरी त्या घराचे देणे आहे.