पुढचे दार कुलूपबंद, मागचे सताड उघडे

आमच्या कापड बाजारात खातेवहीची जागा संगणकाने घेतली. हिशेब एका संगणकावर असतो आणि मुनीम, काउंटर, गोदाम सर्व जण तिथल्याच फायली उघडतात. ही देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्यांना एसएमबी म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. कित्येक व्यापारी बंधूंच्या पेढीवर ती अजूनही चालू आहे.

तिचा धोका २०१७ साली दिसला. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ तिच्यातल्याच फटीतून शिरला आणि सुमारे दीडशे देशांत फायली अडकवून खंडणी मागू लागला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. लोक गाफील राहिले. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ने इतर मार्गांबरोबर तीच फट वापरली, तेव्हा न्हावा शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम अडले.

नव्या आवृत्त्या बऱ्याच पक्क्या आहेत. २०१२ च्या एसएमबी ३ मध्ये मजकूर गुप्त करून पाठवण्याची सोय आली. रुमालाखाली बोटे दाबून ठरलेला भाव शेजारच्याला कळत नाही, तसेच. (ही सोय सांगून चालू करून घ्यावी लागते, हे विसरू नये.) २०१५ च्या ३.१.१ मध्ये दोन संगणकांच्या पहिल्या बोलण्याचा ठसा पुढच्या किल्लीत मिसळला जातो. मधल्या लबाडाने एक अक्षर बदलले तरी किल्ल्या जुळत नाहीत, सौदा तिथेच मोडतो. २०२४ च्या विंडोज ११ प्रो २४एच२ मध्ये तर प्रत्येक निरोपावर सही सक्तीची झाली.

पण पहिली आवृत्ती चालू असेल तर तो लबाड संगणकाला तिच्यावरच उतरवू शकतो, आणि वरचा सगळा बंदोबस्त फुकट जातो.

मग ती बंद का होत नाही? आमच्याच दुकानाचे सांगतो. नवा संगणक घेतला, तर जुन्या स्कॅनरमधून बिले येईनात. कारागिराने पाच मिनिटांत पहिली आवृत्ती चालू करून दिली. आम्ही त्याला चहा पाजला, वर शाबासकीही दिली! कोणाकडे किती उधारी, कोणाला काय भाव, ही गिऱ्हाइकांची अमानत आम्ही एका स्कॅनरपायी उघड्यावर टाकली होती. बनवणाऱ्यांनी त्या यंत्राची नवी दुरुस्ती काढलीच नाही, हाही दोष आहेच. पण दार आम्ही उघडले.

गेल्या महिन्यात विंडोजच्या ‘फीचर्स’ यादीतली ‘एसएमबी १.०’ची खूण काढून टाकली. स्कॅनर मुका झाला. बिले आता पेनड्राइव्हवर घेऊन मुनीम जिना चढतात आणि रोज कुरकुरतात. नवा स्कॅनर दिवाळीपूर्वी घेऊ, असे त्यांना सांगितले आहे.