झाड काढायचंय? आधी तक्रार लिहा

पावसाळा तोंडावर आला की कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन विषय हमखास निघतात. एक गच्चीची गळती आणि दुसरा झाड. गच्चीवर तासभर चर्चा होते, तीन कोटेशनं मागवली जातात आणि तरीही निर्णय पुढच्या मीटिंगवर जातो. झाडाचा निकाल मात्र पाच मिनिटांत लागतो. "धोकादायक झालंय, काढून टाकूया." सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर. चहा!

आधीच सांगतो, "झाडाला हात लावाल तर याद राखा" म्हणणाऱ्यांतला मी नाही. काही झाडं काढावीच लागतात. २०१७ च्या जुलैमध्ये मुंबईत चेंबूरला सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्या झाडाबद्दल आधीच तक्रार गेली होती आणि ते धोकादायक नसल्याचा निर्वाळा मिळाला होता, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्यामुळे झाडाच्या बाजूने बोलताना त्याखालून जाणाऱ्या माणसाला विसरून चालत नाही.

पण म्हणूनच मला वाटतं, की "धोकादायक" हा शब्द जपून वापरावा. झाड काढणं हे उत्तर झालं. प्रश्न काय आहे ते कुणी लिहूनच काढत नाही.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत गेल्या वर्षी गेटजवळच्या गुलमोहराचा विषय निघाला. मी एक कागद फिरवला आणि म्हटलं, प्रत्येकाने आपली तक्रार एका ओळीत लिहा. तळमजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, पालापाचोळा. पहिल्या मजल्यावरून आलं, हॉलमध्ये उजेड येत नाही. पार्किंगवाल्यांचं म्हणणं, कावळे गाडी घाण करतात. कंपाउंडच्या भिंतीला तडा गेलाय, हे सेक्रेटरींचं. अकरा जणांच्या सह्या होत्या, त्यात धोक्याबद्दल लिहिणारा एकच निघाला. तोही एका वाळलेल्या फांदीबद्दल! ठरावात मात्र "सदर वृक्ष अत्यंत धोकादायक" असं आलं होतं.

गंमत पुढेच आहे. त्याच निमित्ताने एका जाणकाराला बोलावलं. त्याने गुलमोहराभोवती एक चक्कर मारली आणि मग मागच्या टाकीजवळच्या नारळापाशी जाऊन थांबला. त्या नारळाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. उलट मोदकांच्या सारणासाठी सगळ्यांचा लाडका. त्याच्या बुंध्याशी लाकडासारखी कडक, चकचकीत अळंबी उगवली होती आणि खोडातून तपकिरी चीक गळत होता. म्हणजे मुळं आणि बुंधा आतून कुजत आलेले. शेवटी रीतसर परवानगी घेऊन नारळ काढला आणि गुलमोहराची वाळलेली फांदी उतरवली. ज्याच्यावर आरोप होता तो राहिला आणि ज्याचं कौतुक होतं तो गेला.

तर मंडळी, खरा धोका कसा ओळखायचा? बुंध्याशी अळंबी, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात खोल चीर, एका बाजूची माती अचानक उचललेली, किंवा इतकी वर्षं सरळ असलेलं झाड या वर्षी कललेलं, ही लक्षणं दिसली की लगेच हालचाल करावी. लहानपणापासून तिरकंच वाढलेलं झाड ही वेगळी गोष्ट, ते त्या तिरकेपणाला धरून घट्ट झालेलं असतं. ढोली दिसली म्हणजे झाड मेलं असंही नाही. झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो, आतलं लाकूड गेलं तरी भोवतालचं जाड कवच बरीच वर्षं उभं राहू शकतं. कवच किती जाड उरलंय हे मात्र जाणकारालाच पाहू द्यावं.

दुसरं म्हणजे, धोका बऱ्याचदा आपणच तयार केलेला असतो. बुंध्याला घासून पेव्हर ब्लॉक बसवायचे, पाणी मुरायला वीतभर माती ठेवायची नाही, ड्रेनेजची किंवा केबलची चर खणताना एका बाजूची मुळं सरळ तोडायची, आणि मग वादळात झाड पडलं की "जुनं झालं होतं हो" म्हणायचं. झाडाच्या बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी दिला होता. आपल्या अंगणात तो पाळायला आदेश कशाला हवा?

तिसरा प्रकार म्हणजे मुंडण. झाड तोडायला जीव होत नाही म्हणून सगळ्या फांद्या छाटून नुसता खांब उभा ठेवतात. हा मधला मार्ग वाटतो, पण प्रत्यक्षात सगळ्यात वाईट. कापलेल्या जागी कुजायला सुरुवात होते आणि बाजूने जे फुटवे झपाट्याने येतात ते वरवर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांनी तेच फुटवे जाड होऊन वाऱ्यात मोडतात. म्हणजे धोका कमी करायला पैसे दिले आणि धोका विकत घेतला.

आता परवानगीचं. "झाड माझ्या जागेत, माझ्या आजोबांनी लावलेलं, मला कोण विचारणार?" हे वाक्य मी आमच्या घरच्या लग्नकार्यांतही ऐकलंय. महाराष्ट्रातल्या शहरांना लागू असलेला झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे आणि तो खासगी जागेतल्या झाडालाही लागू होतो. त्यात झाड "पाडणे" याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. बुंध्यात ॲसिड ओतणं किंवा साल सोलून झाड "आपोआप" वाळू देणं हाही गुन्हाच. पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तो येऊन पाहतो, झाडावर नोटीस लागते, लोकांना हरकत घेता येते. कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. तीस वर्षांचा आंबा गेला तर तीस झाडं. ती कुठे लावणार, हे ठरावाच्या आधी ठरवलेलं बरं.

अर्थात झाड कलंडून इमारतीवर टेकलंय किंवा फांदी विजेच्या तारेवर लोंबतेय, अशा वेळी अर्ज लिहीत बसायचं नसतं. सरळ अग्निशमन दलाला फोन करावा, फोटो काढून ठेवावेत आणि तारेला लागलेल्या फांदीला स्वतः काठीनेसुद्धा शिवू नये.

माणूस निवडतानाही डोळे उघडे हवेत. "लाकूड आमचं, तुम्ही पैसे देऊ नका" म्हणणाऱ्याला खोड जितकं जाड तितका फायदा जास्त. मग त्याचा सल्ला काय येणार ते उघड आहे. कोणतं झाड काढायचं हे सांगणारा आणि ते काढणारा, ही दोन वेगळी माणसं असावीत. काढणाऱ्याकडे दोर, सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट आहे का, त्याच्या माणसांचा विमा आहे का, बुंधा कोण काढणार, लाकूड कुणाचं, हे सगळं कागदावर घ्यावं. इमारतींच्या मध्ये झाड एका घावात आडवं पाडत नाहीत, वरून तुकड्या-तुकड्याने दोराने उतरवतात. जो माणूस उघड्या पायांनी, कमरेला दोरही न बांधता तीस फूट चढतो, तो स्वस्त पडतो. पण तो पडला तर काय, हा विचार आपण करायचा असतो, कारण त्याला तो परवडत नाही.

घाई नसेल तर पावसाळ्यात झाडाला हात लावू नये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बगळे आणि ढोकऱ्या शहरातल्या मोठ्या झाडांवर घरटी करतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात संरक्षित पक्ष्यांची घरटी किंवा अंडी नष्ट करणं शिकारीत मोडतं. पिल्लं उडून जाईपर्यंत दोन-तीन महिने थांबायला काय हरकत आहे?

देशावरच्या आमच्या नातेवाइकांसाठी खास एक गोष्ट. काळ्या मातीत घराला लागून मोठं झाड असेल तर ते उन्हाळाभर त्या मातीतलं पाणी ओढत असतं. झाड काढलं की ते पाणी मातीत राहतं, माती फुगते आणि पाया हलका असेल तर भिंतीला तडे जाऊ शकतात. भिंत वाचवायला झाड काढलं आणि भिंतच गेली, असं होऊ शकतं. तेव्हा आधी इंजिनिअरला विचारा.

इतकं सगळं करूनही कधी कधी झाड काढावंच लागतं. तेव्हा मनाला लावून घेऊ नये. पण पालापाचोळ्याला झाडू असतो, उजेडाला छाटणी असते, भिंतीला गवंडी असतो. करवत फक्त धोक्यासाठी. आमच्या सोसायटीने आता नियमच केलाय, की झाडाचा ठराव मांडायचा तर तक्रारीचा कागद सोबत जोडायचा. गेल्या मीटिंगला बदामाचा विषय निघाला, कागद फिरला आणि तो कोराच परत आला.