कुपरेजचा खालिद

८ सप्टेंबर २०२५. रात्रीची विरार लोकल, पाय ठेवायला जेमतेम जागा. एका हाताने वरची कडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल आणि त्यावर ताजिकिस्तानातल्या हिसोरमधून चाललेला भारत-ओमान सामना. काफा (मध्य आशियाई) नेशन्स कपमधली तिसऱ्या क्रमांकाची लढत. उदांता सिंगने ८०व्या मिनिटाला बरोबरी साधून दिली होती, जादा वेळही १-१ असाच सरला आणि अंधेरी मागे पडता पडता पेनल्टी शूटआउट सुरू झालं. ओमानची शेवटची पेनल्टी आपला गोलरक्षक गुरप्रीत याने अडवली. आपण ३-२ने जिंकलो. ओमानला भारताने त्याआधी कधीच हरवलं नव्हतं.

शेजारी उभ्या असलेल्या मुलाने विचारलं, “काका, कुठली मॅच?” सांगितलं. “आणि आपला कोच मुंबईचा आहे,” हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. खालिद जमील हे नाव त्याच्या कानावरून गेलेलं नव्हतं. बोरिवलीला तो उतरेपर्यंत मी त्याला जे सांगत राहिलो, ते अर्धंच राहिलं. उरलेलं इथे.

खालिदचा जन्म १९७७चा, कुवेतमधला. आईवडील भारतीय. आखाती युद्धामुळे शाळकरी वयातच तो भारतात आला. मुंबईत फुटबॉल खेळणाऱ्या पोराचं तेव्हा स्वप्न साधं असायचं: कुठल्या तरी कंपनीच्या टीममध्ये वर्णी लागावी. महिंद्रा, एअर इंडिया, ओएनजीसी, आरसीएफ, रेल्वे, बँका. हारवुड लीग आणि नाडकर्णी कप यांच्या सामन्यांना कुपरेज मैदानाच्या कठड्याला टेकून उभे राहणारे लोक खेळाडूंना नावानिशी ओळखत. खालिद महिंद्रा युनायटेडमध्ये गेला, तिथून एअर इंडियाकडे, आणि २००२मध्ये पुन्हा महिंद्राकडे. मधल्या फळीत खेळायचा, भारताकडूनही खेळला. कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांनी त्याला विचारलं होतं. त्या दोन्ही संघांच्या जर्सीवर तेव्हा मद्य कंपन्यांची नावं होती, म्हणून तो गेला नाही. भारतातल्या फुटबॉलपटूला ईस्ट बंगाल किंवा मोहन बागान म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या नकाराचं वजन कळेल. पैसा तिथे, गर्दी तिथे, नाव तिथे. त्याने मुंबई धरून ठेवली. पुढे याच दोन्ही क्लबांनी त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं.

मधल्या फळीतल्या खेळाडूचं काम नेमकं काय, हे मला माझ्या भाच्यामुळे कळलं. तो बारा वर्षांचा असताना त्याला कुपरेजवर सरावाला नेत असे. तिथे कृत्रिम टर्फ आहे; त्यातले रबराचे काळे कण मोज्यांतून घरी यायचे आणि बहीण आठवडाभर ते झाडत बसायची. भाच्याचे कोच त्याला एकच गोष्ट सांगायचे: “चेंडू यायच्या आधी मान फिरव. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, मग चेंडूकडे.” पोरगं चेंडूकडेच टक लावून उभं राहायचं, पाठीमागून कुणी तरी येऊन चेंडू काढून न्यायचं. महिनाभराने एका संध्याकाळी त्याने दोन्ही खांद्यांवरून मागे पाहिलं, एका स्पर्शात चेंडू मोकळ्या बाजूला ढकलला आणि तो पुढे पळाला. कठड्याजवळच्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. त्याच्या कोचने मात्र टाळी वाजवली. आघाडीच्या खेळाडूला समोरचं गोलपोस्ट दिसतं, बचाव करणाऱ्याला समोरून येणारा माणूस दिसतो. मधल्या माणसाच्या पाठीमागेही अर्धं मैदान असतं. इतके मिडफिल्डर पुढे चांगले प्रशिक्षक होतात त्याचं मूळ या मान फिरवण्यात असावं, असं मला मनापासून वाटतं.

२००५-०६मध्ये गोव्याच्या डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्राने राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघाचं हे पहिलंच विजेतेपद, आणि खालिद त्या संघात होता. मग दुखापती सुरू झाल्या. २००७मध्ये तो नव्याने निघालेल्या मुंबई एफसीत गेला, पण शरीराने साथ दिली नाही. २००९मध्ये खेळणं थांबवलं आणि त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला. वय ३२. ज्यांच्याबरोबर कालपर्यंत ड्रेसिंग रूममध्ये बसत होता, त्यांनाच आज बाकावर बसवायचं.

पुढची सात वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात आणि त्यांच्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे. मुंबई एफसीकडे पैसा बेताचा. गोव्याचे आणि कोलकात्याचे क्लब ज्यांच्याकडे पाहत नसत असे खेळाडू, इतरांनी सोडून दिलेले खेळाडू, मुंबईच्या मैदानांवरची पोरं. हा क्लब आय-लीग ही तेव्हाची राष्ट्रीय लीग कधीच जिंकला नाही आणि खालिदच्या त्या सात वर्षांत एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. दर मोसमाच्या शेवटी गुणतक्त्याच्या तळाशी चार-पाच संघ गटांगळ्या खात असत. कुपरेजवर आम्ही बोटांवर गुण मोजत असू आणि दर वेळी खालिदचा संघ वर राहत असे. त्याचे संघ चेंडू लांब मारतात, मागे दाटीवाटीने उभे राहतात, अशी टीका तेव्हाही होती, आजही आहे. मला ती अर्धवट वाटते. हाती जे खेळाडू आहेत त्यांच्याकडून जेवढं होईल तेवढंच मागायचं, आणि ते मात्र पुरेपूर वसूल करायचं, ही त्याची रीत. २०१६मध्ये क्लबने त्याला निरोप दिला.

तो गेला मिझोराममध्ये. आयझॉल एफसी त्याच वर्षी आय-लीगमधून खाली घसरला होता. पण गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत घेण्यात आलं. खालिदने मुंबई एफसीतले जयेश राणे आणि आशुतोष मेहता सोबत नेले. आपल्या मुंबईचा जयेश राणे मिझो पोरांच्या मांडीला मांडी लावून खेळला. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियान. २२ एप्रिल २०१७ला आयझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-०ने हरवलं. झोमिंगलियाना राल्तेचं ते हेडर मी अजून अधूनमधून मोबाइलवर काढून पाहतो. आठवड्याने, ३० एप्रिलच्या रविवारी, शिलाँगला लाजाँगविरुद्ध शेवटचा सामना. एक गुण पुरेसा होता. नवव्या मिनिटालाच लाजाँगच्या डिपांडाने गोल केला आणि आयझॉल मागे पडला. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. मग उरलेली तेवीस मिनिटं. खालिदच्या संघाने ती कशी काढली हे कुपरेजवाल्यांना विचारा. आम्ही त्याला सात वर्षं तेच करताना पाहिलं होतं. आयझॉल ३७, बागान ३६. ईशान्येकडचा संघ पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला.

त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडला आणि मग बंदच झाला. महिंद्राने २०१०मध्येच संघ मोडला होता. एअर इंडियाही २०१३मध्ये मोठ्या लीगमधून बाहेर गेला. म्हणजे खालिदला ज्या तीन संघांनी घडवलं, त्यांतला एकही आज मोठ्या लीगमध्ये सापडत नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटणं दिवसेंदिवस वाढतं आहे. पगार महिन्याच्या महिन्याला मिळणं, खेळ संपल्यावर नोकरी असणं, बत्तीस वर्षांच्या नवख्या प्रशिक्षकाला हरूनही पुढच्या मोसमात पुन्हा उभं राहू देणं, हे सगळं त्या साध्यासुध्या मुंबईकर व्यवस्थेत होतं. आज एखादा तिशीतला मिडफिल्डर बूट काढतो तेव्हा त्याला सात वर्षं कोण देणार?

ईस्ट बंगाल आणि मोहन बागाननंतर खालिद नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक म्हणून काम करत होता. जानेवारी २०२१मध्ये, कोविडमुळे सगळी इंडियन सुपर लीग गोव्यातल्या रिकाम्या मैदानांवर चालू असताना, परदेशी प्रशिक्षक गेले आणि हंगामी जबाबदारी याच्यावर आली. साखळीतल्या उरलेल्या सामन्यांत संघ एकदाही हरला नाही आणि थेट उपांत्य फेरीत गेला. या लीगमध्ये संघाला तिथवर नेणारा तो पहिला भारतीय प्रशिक्षक. पुढे जमशेदपूर, आणि ऑगस्ट २०२५मध्ये भारताचा संघ. १७० अर्ज आले होते. गोव्याच्या सावियो मेदेरांनंतर तेरा वर्षांनी हे काम भारतीय माणसाकडे आलं.

काफा कपच्या आनंदाला जेमतेम महिना लोटला. आशियाई कपच्या पात्रता फेरीत ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये शेवटच्या क्षणी रहीम अलीने १-१ करून दिलं, आणि १४ तारखेला मडगावच्या फातोर्ड्याला परतीचा सामना होता. मी गेलो होतो. आपल्या छांगतेने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-याँगने बरोबरी केली आणि मध्यंतरानंतर त्यानेच दुसरा गोल मारला. १-२. २०२७चा आशियाई कप तिथेच हातचा गेला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-०ने हरवलं. दुसऱ्या दिवसापासून समाजमाध्यमांवर खालिदच्या हकालपट्टीची भाषा सुरू झाली. ज्या पावसाळ्यात लीगच अडकून पडली होती, खेळाडूंच्या पायांखाली सामनेच नव्हते, त्याच पावसाळ्यात त्याने संघ हाती घेतला, हे बोलताना कुणाला आठवत नव्हतं. चुका त्याच्याही झाल्या. फातोर्ड्यावर दुसऱ्या सत्रात मधली फळी विस्कळीत झाली आणि ती वेळेत सावरली गेली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरीही मला तो त्या जागी हवा आहे, सात महिने नव्हे, सात वर्षं.

फातोर्ड्याला त्या रात्री स्टेडियम रिकामं होत असताना माझ्या खालच्या ओळीत एक साठीचे गृहस्थ बसून राहिले होते. अंगात मुंबई एफसीची पिवळी जर्सी, धुऊन धुऊन फिकी झालेली, कॉलरजवळ उसवलेली. मी खाली उतरून शेजारी बसलो. ते माहीमचे निघाले, रात्रीच्या गाडीने आले होते. सामन्याबद्दल आम्ही फारसं बोललो नाही. कुपरेजवर ते कुठल्या बाजूला उभे राहायचे, मी कुठल्या, कठड्याजवळचा चहावाला अजून येतो का, जयेश राणेचा पहिला सामना कुणी पाहिला होता, असं चाललं होतं. मैदानातले दिवे एकेक करून मालवले गेले, तेव्हा कुठे आम्ही उठलो.