शॉकअपवर पैसे घालण्याआधी

वळणात गाडी झुकते ना, मग कडक शॉकअप टाका, हा सल्ला कुठल्याही गॅरेजच्या दारात पाच मिनिटांत मिळतो. वेगाने गाडी चालवायची हौस असलेल्या मित्रांनो, खिशात हात घालण्याआधी तो जरा तपासून घ्या. एकाच लांबलचक वळणात गाडी शेवटी किती झुकणार, हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात. शॉकअप ठरवतो ती किती झपाट्याने झुकणार हे. गाडीचं वजनही तो पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. शॉकअपमधला पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून जायला लावतो आणि त्या उसळीची उष्णता करून टाकतो.

म्हणून शॉकअपचे प्रकार पारखताना पहिला प्रश्न विचारायचा तो उष्णतेचा.

आपल्या बहुतेक गाड्यांना कारखान्यातून येतो तो ट्विन-ट्यूब, म्हणजे नळीत नळी. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल. तो स्वस्त असतो, मऊ चालतो आणि दगड लागून बाहेरून पोचा आला तरी बहुधा काम करत राहतो. मात्र खराब रस्त्यावर सतत राबला की तेल तापतं, त्याला फेस येतो आणि शॉकअप ढिला पडतो. थोड्या दाबाचा नायट्रोजन भरलेला गॅस शॉकअप घेतला की फेस बराच कमी होतो.

मोनोट्यूबमध्ये नळी एकच. पिस्टन मोठा, आणि तेल व नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन. गॅसचा दाब साधारण 20 ते 30 बार. तेलात गॅस मिसळत नाही आणि नळीची भिंत थेट हवेला लागून असल्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. दहा-पंधरा मिनिटं जोरात चालवल्यावरही त्याचा स्वभाव बदलत नाही, हा त्याचा खरा गुण. फ्रेंच अभियंता द कार्बों यांची ही कल्पना 1950 च्या दशकात बिलस्टाइन कंपनीने मोटारींच्या उत्पादनात आणली. उणिवाही आहेत. किंमत जास्त, रस्त्याचा बारीक खडबडीतपणा आत जाणवतो आणि नळीला पोचा आला तर पिस्टन अडकतो.

कॉइलओव्हर हा तिसरा प्रकार समजला जातो, तो समज चुकीचा आहे. कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपभोवती स्प्रिंग बसवलेली जोडणी. हौशी बाजारातल्या संचात गाडीची उंची कमी-जास्त करता येते, काहींत क्लिक फिरवून शॉकअपचा कडकपणाही. आतला शॉकअप ट्विन-ट्यूबही असू शकतो. तो कुठला आहे, ते दुकानदाराला आधी विचारा.

मी स्वतः एका जुन्या सेडानला असा संच बसवला होता आणि सगळे क्लिक कडक बाजूला फिरवून पावसाळ्यात वरंधा घाटात गेलो. गुळगुळीत पट्ट्यात गाडी रुळावरून चालल्यासारखी वाटली. पुढे ओल्या, उखडलेल्या वळणात मागची चाकं उड्या मारत बाहेर सरकली. समोरून एसटी येत नव्हती, म्हणून आज हे लिहितो आहे. रिबाउंड, म्हणजे शॉकअप लांबतानाचा अडसर, फार कडक असला की चाक एका खड्ड्यातून पुरतं खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो. हळूहळू गाडी खाली बसत जाते आणि टायरची पकड सुटते. घरी येऊन क्लिक निम्म्यावर आणले, तेव्हा त्याच गाडीने रस्ता धरला.

विद्युतचुंबकाने तेलाचा घट्टपणा क्षणात बदलणारे शॉकअपही आहेत. 2002 च्या कॅडिलॅकमध्ये ते प्रथम आले. गाडीला कारखान्यातूनच असतील तर उत्तम. बाहेरून बसवायच्या फंदात पडू नका.

माझं मत स्पष्ट आहे. रोजचा रस्ता आणि अधूनमधून घाट असेल, तर कारखान्याच्या स्प्रिंगला जुळवून बनवलेला साधा मोनोट्यूब घ्या. तेवढे पैसे नसतील तर कंपनीचाच नवा गॅस शॉकअप आणि चांगले टायर. तीस क्लिकच्या संचापेक्षा स्प्रिंगशी जुळलेला एक शॉकअप मोलाचा. कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर नेमाने जाणार असाल, तरच रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (शॉकअप दबतानाचा अडसर) वेगवेगळं लावता येणाऱ्या शॉकअपवर खर्च करा. मूळ शॉकअप ठेवून नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकणं तर कधीच नको. गाडी स्पीडब्रेकरला घासेल आणि शॉकअप शेवटच्या रबरावर, म्हणजे बंप स्टॉपवर, आपटत राहील.

बदलताना एका अॅक्सलचे दोन्ही बदला. वरचं माउंटिंग, बंप स्टॉप आणि धूळ-रबर त्याच वेळी नवं घाला. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर आल्यावर आवळा, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट. गाडीची रचना आरसीतल्या मूळ नोंदीशी जुळेनाशी होईल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाही, म्हणून आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

आणि एवढं करा: नवे शॉकअप मागवण्याआधी या रविवारी गाडीखाली वाकून जुने पाहा. नळीवरून तेल ओघळलेलं असेल, टायर ठिकठिकाणी वाटीसारखा झिजला असेल, तर घाटाचा बेत पुढे ढकला आणि आधी गॅरेजला जा.