काळोखाचीही तरतूद हवी

पौषातील अमावास्येच्या मागेपुढे भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी मुक्काम टाकावा, सकाळी उन्हाला पाठ देऊन ओसरीवर चहा घ्यावा, दुपारी रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या कोरीव भिंतींपुढे निवांत उभे राहावे आणि रात्री जेवणे आटोपल्यावर घोंगडी घेऊन उघड्यावर आडवे व्हावे, हा आमच्या कुटुंबाचा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे. खगोलशास्त्राचे शिक्षण आमच्यापैकी कोणासही नाही. लहानशी द्विनेत्री, लाल कागद लावलेली विजेरी आणि डोळे काळोखाला सरावेपर्यंत अर्धा तास थांबण्याची सबुरी, एवढेच आमचे भांडवल.

तेवढ्यावर हिवाळ्याचे आकाश भरभरून देते. मृगाचे चार पाय आणि पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण एकदा ओळखला, की त्या बाणाची रेषा आग्नेयेस वाढविली असता व्याध, वायव्येस वाढविली असता रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका सापडतो. याच मृगाच्या आधारे लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ ठरविण्याचा यत्न केला. रोहिणीचा तांबूस प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे ६५ वर्षे लागतात, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास निघालेला किरण आज आपल्या डोळ्यांत उतरतो, हे मुलांना सांगताना माझा स्वर अजूनही कापरा होतो.

गेल्या खेपेस मात्र आमच्या निवासाच्या गच्चीवरून रात्रभर पाण्यावर रोखलेल्या प्रखर दिव्यांनी सारे आकाश धुरकट करून टाकले होते आणि कृत्तिकांतील तीन तारकाही मोजता येईनात. रस्त्यावर, पाणवठ्यावर दिवा हवाच. परंतु झाकण घालून त्याचा उजेड जमिनीकडे वळविला तर कमी विजेत वाट अधिक स्वच्छ दिसते, आणि आकाश वाचते ते निराळेच. पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी भोवतालच्या गावांतील दिवे असेच खाली वळविण्यात आले. जे नागपूर जिल्ह्यात साधले ते सह्याद्रीत का साधू नये? पर्यटनस्थळी बांधकामास परवाना देताना दिव्यांच्या झाकणाची अट घालावी, ग्रामपंचायतींनी तसा ठराव करावा आणि त्याच्या खर्चाची तरतूद जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात व्हावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

त्या रात्री स्वयंपाकघरातील मावशी घरी निघताना आमच्यापाशी थबकल्या आणि मृगाच्या बाणाकडे हात करून म्हणाल्या, “हे आमचं तिकांडं. आजा माझा, तिकांडं कलंडलं की भात झोडायला उठायचा.” तुमच्या अंगणातून अजून दिसते का, असे मी विचारले. “दारात खांब आला, तवापासून नाही,” त्या म्हणाल्या, आणि डोक्यावर पदर घेऊन उताराला लागल्या.